मारोतरावांच्या बहिणी

साडूनं साडूचं कौतुक केलेलं मी अजून कुठं ऐकलेलं नाही, तेव्हा माझ्याकडूनही ती अपेक्षा ठेवू नका. मारोतराव ढेंगे हे माझे साडू. त्यांची बायको वंदना म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. ते शहरातल्या प्रताप नगरात राहतात, मी इतवारीच्या बाजारात शाळेच्या ड्रेसचं दुकान चालवतो. ते शिक्षक आहेत. म्हणजे पगारपत्रकावर तसं लिहिलेलं असतं.

त्यांच्या शाळेत आठवी ते दहावीचे वर्ग आहेत. संस्था खाजगी, पगार सरकारी आणि इमारत रामभरोसे. अशा शाळांना एकच रोग असतो, तो म्हणजे पोरं नसण्याचा. पोरं कमी झाली की तुकडी जाते. तुकडी गेली की मास्तर ‘अतिरिक्त’ ठरतो आणि मग सरकार त्याला उचलून कुठल्यातरी आडगावी टाकतं. म्हणून एप्रिल लागला की या शाळांचे मास्तर खेड्यापाड्यांत पोरं गोळा करत हिंडतात. जिथली शाळा सातवीला संपते तिथं जायचं, आईबापांना पटवायचं, पोराचा दाखला ताब्यात घ्यायचा आणि आपल्या आठवीत नाव चढवायचं. प्रत्येक मास्तराला कोटा लावून दिलेला असतो. ज्याचा कोटा भरला तो वर्षभर निवांत झोपतो, आणि बहुतेक वर्गातच झोपतो.

मारोतराव या कामात पटाईत. नोकरीला लागले तेव्हा गणित फार छान शिकवायचे, असं वंदना सांगते. मी काही पाहिलेलं नाही, आणि त्यांच्या हल्लीच्या विद्यार्थ्यांनीही पाहिलेलं नाही. पण पोरं आणण्याबद्दल संस्थेनं त्यांचा दोनदा शाल-नारळ देऊन सत्कार केला. शिकवण्याबद्दल शाल मिळालेला मास्तर त्या शाळेत अजून निपजायचा आहे.

गावात गेले की ते आधी भाषण देतात. भाषणाला त्यांनी नावही ठेवलं आहे, ‘आठवीत जाताना’. आठवी म्हणजे उंबरठा आहे. आतापर्यंत एकच गुरुजी सगळं शिकवायचे, आता दर तासाला नवे सर येतील. गणित-विज्ञानातले शब्द इंग्रजीतून येतील, पोर गांगरून जाईल, रडेल, शाळेत जात नाही म्हणेल. तेव्हा आईनं पाठीवर हात ठेवायचा, बापानं हात उगारायचा नाही, आणि घरात एक कोपरा अभ्यासाचा करायचा. ऐकायला सगळं छान वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं एकही अक्षर नाही. फक्त दर तासाला येणारे ते नवे सर त्यांच्या शाळेत नाहीत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण खेड्यातली माणसं ताट घेऊन बसतात.

त्यांचा स्वतःचा मुलगा गौरांग मात्र या उंबरठ्यावरून जाणार नव्हता. तो इंग्रजी शाळेत, आणि सहावीपासून कुठल्यातरी महागड्या क्लासच्या फाउंडेशन बॅचला. आपल्या शाळेत का नाही घातला, असं मी एकदा विचारलं. मारोतराव म्हणाले, आपली शाळा गरिबांसाठी आहे, त्यांची जागा आपण कशाला अडवायची. इतकं त्यागी उत्तर मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

पण त्यांची खरी कला भाषणात नव्हती. ती होती बहिणी करण्यात.

बाकीचे मास्तर दारात उभं राहून दप्तर आणि कंपासपेटीचं आमिष दाखवायचे. आमिष काय, सगळ्याच शाळा दाखवतात. एका हातानं या शाळेचं दप्तर घ्यावं आणि दुसऱ्या हातानं त्या शाळेला दाखला द्यावा, इतकी हुशारी खेड्यातही आहेच. मारोतरावांनी यावर तोड काढली. ते घरात जायचे, सतरंजीवर बसायचे, पाणी मागायचे आणि बाईला विचारायचे की ताई, तुमचं माहेर कोणतं, भाऊ किती. मग सांगायचे की मला बहीण नाही. हे मात्र साफ खोटं. त्यांच्या दोन बहिणी आर्वीला आहेत आणि दर दिवाळीला यांच्या नावानं बोटं मोडतात. पण समोरची बाई विरघळायची. मारोतराव म्हणायचे, आज भाऊ समजून ओवाळा. बाई ताट करायची, कुंकू लावायची, ओवाळायची. आणि मारोतराव ताटात ओवाळणी म्हणून दप्तर ठेवायचे.

यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल. मास्तरानं दिलेलं दप्तर परत करता येतं, दुसऱ्या शाळेचंही घेता येतं. भावानं घातलेली ओवाळणी परत करता येत नाही. ओवाळून झालं की मारोतराव हळूच म्हणायचे, आता भाचीचा दाखला मामाकडे द्या. आमच्याकडे मामाला नाही म्हणत नाहीत. या युक्तीवर त्यांनी कोटा कधी चुकू दिला नाही. खापरखेडा, पारशिवनी, सावनेर, जिकडे जाल तिकडे त्यांच्या बहिणी. घरी आले की हसत हसत सांगायचे की या वर्षी इतक्या बहिणी झाल्या. वंदना स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

आता पोरं नाव घालून घेतात, पण इतक्या लांब रोज येणार कशी? त्यासाठी व्हॅन. व्हॅन गावोगाव फिरून पोरं आणते, शाळेत सोडते, संध्याकाळी नेते, आणि घरच्यांना एक पैसाही पडत नाही. पण ही व्हॅन सप्टेंबरअखेरपर्यंतच चालते, कारण तेव्हाची पोरांची संख्या सरकार वर्षाचा पट म्हणून धरतं. पट धरला की तुकडी वाचली, मास्तर वाचले. मग व्हॅनचा पाटा तुटतो, ड्रायव्हर लग्नाला जातो, रस्ता उखडतो. गरज सरो नि वैद्य मरो. पोरं घरी बसतात, हजेरीत मात्र ती रोज हजर असतात. मला हे सगळं माहीत होतं, कारण त्या पोरांचे ड्रेस माझ्याच दुकानातून जायचे आणि ऑक्टोबरनंतर एकही पोर पँटची लांबी वाढवून घ्यायला यायचं नाही.

खापरखेड्याच्या पलीकडे बोरडोह नावाचं गाव आहे. वीजघराच्या चिमण्या दिसतात, वीज मात्र दुपारची जाते. तिथं जयवंता नावाची बाई राहते. वांगी-टमाटर घेऊन ती खापरखेड्याच्या कॉलनीत दारोदार विकते. नवरा ठेकेदाराकडे ट्रकवर असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्यांची पोरगी मयुरा, सातवी पास झालेली. गावची शाळा तिथंच संपते. जयवंताचा बेत साधा होता. खापरखेड्याच्या हायस्कुलात आठवीला नाव घालायचं. सकाळी भाजीची टोपली घेऊन आपण निघतोच, पोरीलाही बरोबर न्यायचं, संध्याकाळी बरोबर आणायचं. गावातल्या पोरी सातवीनंतर घरीच बसतात, मग दोन-तीन वर्षांत त्यांची लग्नं लागतात. हिचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. नवरा कुरकुरत होता, पण हो म्हणाला होता. सगळं जमून आलेलं.

आणि मारोतराव तिच्या ओसरीवर येऊन बसले.

जयवंताला भाऊ नव्हता. खरंच नव्हता, मारोतरावांना बहीण नव्हती तसा नाही. पाच बहिणींत ती थोरली. भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची, बिनभावाच्या बाया ओवाळतात तशी. मारोतरावांनी भाऊ समजा म्हटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ताट तर केलंच, वर घरात होता तो नवा टॉवेल आणि नारळ त्यांना दिला. मारोतराव तो टॉवेल स्कूटर पुसायला वापरायचे. मयुराचा दाखला त्यांच्या बॅगेत गेला आणि खापरखेड्याचं हायस्कूल राहून गेलं.

जूनमध्ये मायलेकी माझ्या दुकानात ड्रेस घ्यायला आल्या. दुकान आपल्या साडूचं आहे, असं सांगून मारोतरावांनीच पाठवलं होतं. पोरगी किडकिडीत, डोळे मोठे, बोलणं कमी. तिनं मला एकच प्रश्न विचारला, हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा असते म्हणतात ते खरं का. मी म्हटलं, असते. असते म्हणजे कुठंतरी असतेच की. जयवंता मात्र दुकानभर सांगत सुटली की आमचा भाऊ तिथं सर आहे. मी ड्रेसची घडी करत होतो, तोंड उघडलं नाही. धंद्याच्या वेळी नात्यातली भांडणं काढायची नसतात, असं माझं मत आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुकानाच्या फोनवर जयवंताचा फोन आला. नंबर ड्रेसच्या पिशवीवरून घेतला होता. व्हॅन बंद झाली हे मी ओळखलंच, आणि आता रडणं-भांडणं ऐकावं लागेल म्हणून मनाची तयारी करून बसलो. पण ती त्याबद्दल बोललीच नाही.

“भाऊचा फोन नाई लागून राहिला,” ती म्हणाली. “लय दिवस झाले. तब्येत तं बरी आहे न त्यायची?”

मला राग आला, सरळ सांगतो. तिच्यावर नाही. दाखला गेलेला, खापरखेड्याच्या शाळेत जाऊन आली तर त्यांनी आता मध्येच प्रवेश होत नाही म्हणून परत पाठवलेली, पोरगी घरात बसलेली, नवरा ‘सांगितलं होतं न तुले’ म्हणत असलेला. हे सगळं मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. आणि ही बाई त्या माणसाची तब्येत विचारत होती, जो तिचा नंबर पाहून फोन उलटा करून ठेवत होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, रविवारी त्यांच्याच घरी चहा पिताना.

तब्येत ठणठणीत आहे, मी म्हटलं. आणि मग त्यांच्या घरचा पत्ता दिला. प्रताप नगर, कोणता चौक, कोणती गल्ली, पाण्याच्या टाकीपासून कितवं घर, सगळं नीट समजावून सांगितलं. पुण्य म्हणून नाही. मारोतरावांची फजिती पाहायची मला हौस होती.

ती लगेच आली नाही. ती भाऊबीजेला आली.

त्या दिवशी आम्ही सगळे मारोतरावांकडेच होतो. माझा मेव्हणा दोन्ही बहिणींकडून तिथंच ओवाळून घेणार होता. बाहेरच्या खोलीत पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, शेजारचे दोघे-तिघे फराळाला बसलेले. दारात जयवंता उभी राहिली. इस्त्रीची साडी, हातात झाकलेलं ताट, मागे मयुरा आणि मयुराच्या हातात कपड्यांची पिशवी. मारोतरावांच्या हातातला चकलीचा तुकडा तसाच राहिला.

तिनं कोणाला काही विचारलं नाही. पाट दिसला, भाऊ दिसला, ती ओवाळायलाच बसली. बिचाऱ्यांना पाटावर बसावं लागलं. शेजारी पाहत होते, मेव्हणा पाहत होता, मी तर डोळे फाडून पाहत होतो. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मारोतराव खिशात हात घालून नोट शोधायला लागले. दप्तर काही हाताशी नव्हतं.

“पैसा नको, भाऊ,” जयवंता म्हणाली. “साडी बी नको. भाचीले ठेवून घ्या. व्हॅन नाई येत तं नाई येत. मामाचं घर तं आहे.”

हे ती टोमणा मारत नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. बिनभावाच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा भाऊबीज घडत होती आणि भावाकडे मागतात तसं तिनं मागितलं होतं. पोरीला शहरात शिकायला मामाकडे ठेवणं यात आमच्याकडे नवल काहीच नाही. अर्धा विदर्भ तसाच शिकला आहे, मीही माझ्या मामाकडेच राहून मॅट्रिक झालो. मारोतरावांनी दिलेला शब्द तिनं खरा मानला, एवढीच तिची चूक.

मारोतराव चाचरले. जागा लहान आहे म्हणाले, गौरांगचा अभ्यास आहे म्हणाले, पुढच्या आठवड्यात व्हॅनचं बघतो म्हणाले. तेवढ्यात वंदना स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

वंदनाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती बी.एड. आहे. नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नव्हते म्हणून नोकरी नाही, म्हणून घरी. तिची जीभ अशी तिखट की आमच्या घरात तिच्यासमोर कोणी शहाणपणा करत नाही. तिनं पोरीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“साऱ्या जिल्ह्यात बहिणी करत हिंडता,” ती म्हणाली. “एकीले तं घरात घ्या.”

आणि मयुराला म्हणाली, पिशवी आत आण, हातपाय धू, जेवायला बस. मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच मारोतरावांनी शब्द न बोलता जेवण केलं. मी दोन करंज्या जास्त खाल्ल्या.

झालं असं की मयुरा शाळेत जाऊ लागली. मामाच्या स्कूटरवर मागे बसून, रोज, वेळेवर. त्यामुळे मामालाही रोज वेळेवर जावं लागलं, जे त्यांच्या तब्येतीला मानवलं नाही. वर्गात पट भरगच्च, बाकांवर सात-आठ पोरं, तीही शाळेच्या आसपासची. मारोतराव खुर्चीत बसून मोबाईल काढायचे. बाकीची पोरं सवयीनं गप्पा मारायची. मयुरा पहिल्या बाकावर पुस्तक उघडून, पेनाचं टोपण काढून त्यांच्याकडे बघत बसायची. तास संपेपर्यंत बघायची. तिला वाटायचं, सर आता सुरू करतील.

एक-दोन दिवस त्यांनी सहन केलं, मग उठून फळ्यावर बीजगणित लिहायला लागले. त्यांना खडू हातात घेतलेलं पाहून हेडमास्तरांनी आत डोकावून विचारलं म्हणे, सर, तपासणी आहे का आज. आठ-दहा दिवस हा चमत्कार चालला. मग कंटाळले. त्यांनी मयुराला सांगितलं की तू हुशार आहेस, तू मागच्या बाकावर बसत जा. दर तासाला नवे सर येणार होते, ते आलेच नाहीत. एक क्रिकेटचे व्हिडिओ पाहायचे, एक प्लॉटचे सौदे करायचे. प्रयोगशाळेचं कुलूप गंजलं होतं आणि आत संस्थाचालकांच्या निवडणुकीचे फ्लेक्स ठेवलेले होते.

पोरगी रडली, पण शाळेत नाही. घरी, मामीजवळ. मला काहीच समजत नाही, म्हणाली, कोणी सांगतच नाही. वंदनानं तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. एका बाजूला गौरांग, एका बाजूला ही. इंग्रजी शब्दांची भीती घालवली, ‘इक्वेशन’ म्हणजे समीकरण, ‘अ‍ॅसिड’ म्हणजे आम्ल, दोन्ही शब्द एकदम तोंडात बसवले. लिंबू-हळद-सोडा घेऊन स्वयंपाकघरातच तिला प्रयोग करून दाखवला. पोरगी अशी शिकली की गौरांगची फाउंडेशन बॅच तिच्यापुढे फिकी पडली, हे मी वंदनाच्या तोंडून ऐकलं, म्हणजे दोन आणे कमी धरा. तरी वार्षिक परीक्षेत ती पहिली आली. हजेरीतल्या भुतांशी स्पर्धा होती, हे खरं, पण पेपर तिनं स्वतः लिहिले होते. आणि या सगळ्या महिन्यांत मारोतराव घरी गप्प असायचे, हा सगळ्यांचाच फायदा.

मार्च संपला आणि मारोतरावांच्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या एका संस्थेनं त्यांची सावनेरकडची गावं पळवली. तिथल्या बहिणींना नवे भाऊ मिळाले, सायकली देणारे. हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं की या वर्षी कोटा भरला नाही तर तुकडी जाईल, आणि अतिरिक्त म्हणून पहिलं नाव ढेंगे सरांचं लागेल. मग गडचिरोलीच्या टोकाला जायचं की आणखी कुठं, ते सरकार ठरवेल. प्रताप नगरचं घर, गौरांगची बॅच, सगळं हलणार. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. मला दया आली नाही. सातवी पास पोरींना घरी बसवताना त्यांनाही आली नव्हती.

हिशोब असा झाला की सगळी भिस्त आता बोरडोहवर. तिथं या वर्षी सातवीची बरीच पोरं, त्यांतल्या बहुतेक मुली. ती सगळी आली तर कोटा जेमतेम भरत होता. मारोतराव माझ्या दुकानात आले.

“रुपराव, तुमची कार पाह्यजे,” ते म्हणाले. “स्कूटरवरच्या मास्तराले आता कोणी विचारत नाई. अन मयुराले नवा ड्रेस द्या. पोट्टी समोर उभी केली की काम झालं समजा.”

मी कार दिली आणि बरोबर मीही गेलो. आमची बायको म्हणाली, तुम्हाला काय काम तिथं. मी म्हटलं, मलाही कधी कधी शिक्षण बघावंसं वाटतं.

जयवंतानं सगळी तयारी करून ठेवली होती. भाऊ येणार म्हणून सडा घातला होता, समाजमंदिरात सतरंज्या आणल्या होत्या. गावातल्या बाया आपापल्या पोरींना घेऊन आलेल्या. मारोतरावांनी या खेपेला वेळ वाचवायचं ठरवलं होतं. घरोघर बसण्यापेक्षा सगळ्यांकडून एकाच बैठकीत ओवाळून घ्यायचं. बाया रांगेनं आल्या, कुंकवावर कुंकू चढलं, कपाळ लालभडक झालं, आणि माझ्या डिकीतली दप्तरं एकेक करून ताटांत पडली. मयुरानं मामाला पहिली दप्तरं काढून दिली. एवढ्या बहिणी एका बैठकीत करण्याचा त्यांचा हा विक्रमच असावा.

मग भाषण झालं. आठवी म्हणजे उंबरठा. दर तासाला नवे सर. पाठीवर हात. अभ्यासाचा कोपरा. शेवटी त्यांनी मयुराला पुढे बोलावलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की ही माझी भाची, तुमच्याच गावची, वर्गात पहिली आली. व्हॅन असेलच, पण मी कशाला सांगू. विचारा तिला काय विचारायचं ते.

पुढे बसलेल्या रंभाबाईंनी विचारलं. त्या गावात वयानं मोठ्या, त्यांची नात काजल त्या वर्षी सातवी झालेली. त्यांचा सूर खवचट नव्हता, नातीसाठी विचारत होत्या.

“कशी आहे वं शाळा? शिकवतेत का चांगलं?”

मयुरा गोंधळली नाही. तिला कोणी पढवलं नव्हतं, पढवायची गरज मारोतरावांना वाटली नव्हती, आणि खोटं बोलावं असं तिच्या मनातही आलं नसावं. मामा मोठेपणानं हसत तिच्याकडे पाहत होते. ती हातात हात गुंतवून नीट उभी राहिली, शाळेत उत्तर द्यावं तशी.

“शाळेत नाई शिकवत,” ती म्हणाली. “मामाच्या घरी शिकवतेत. मामी शिकवते. लय चांगलं शिकवते. व्हॅन दिवाळीच्या आधीच बंद होते, मंग घरी ऱ्हायलं तरच येते शिकाले.”

कोणी ओरडलं नाही, कोणी उठून गेलं नाही. जयवंता पोरीकडे अभिमानानं बघत होती, कारण पोरगी चारचौघांत न अडखळता बोलली होती. बाया एकमेकींच्या कानाशी लागल्या. नाव घालायला म्हणून आणलेली आधार कार्डं परत पदराखाली गेली. मारोतराव घाईघाईनं काही बोलायला लागले, तसं रंभाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“मंग बराबर आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या पोट्ट्या बी तुमच्याच घरी ठेवा, भाऊ. आत्ताच ओवाळलं न आमी तुमाले. जयवंताच सख्खी अन आमी का सावत्र आहो?”

मागच्या बायांनी हो हो म्हटलं. एकीनं तर तिथंच पोरीला सांगितलं की जा, कपडे भरून घे, गाडी आहेच आलेली. काजल उठून उभीही राहिली. मारोतरावांनी कपाळ पुसलं, कुंकू हाताला लागलं, तो हात त्यांनी शर्टाला पुसला. मग ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, चला रुपराव, उशीर होऊन राहिला.

गाडीची किल्ली माझ्याच खिशात होती. मी ती तिथंच राहू दिली आणि समाजमंदिराच्या पायरीवर जरा पाय मोकळे करून बसलो.

“बहीण विचारून राहिली न, भाऊ,” मी म्हटलं. “सांगा तिले.”